झालं का वाचून?

"बैल नेला तर तिन्हीसांजेला आणून बांधतात. पाटा नेला तर पुसून देतात. शिडी नेली तर भिंतीला लावलेली दिसते तरी. पुस्तक नेलं की ते नेणाऱ्याच्या घरचंच झालं, जसं काही आपण हळद लावून पाठवणी केली त्याची."

उत्तरेश्वर हे स्वतःशीच पुटपुटत होते. पण सोप्यातलं कपाट आणि आतली चूल यांच्यामध्ये एवढीशी भिंत. तारामतीला सगळं ऐकू येत होतं, आणि ऐकू जाईल एवढ्या बेतानंच ते पुटपुटतात हेही तिला माहीत होतं. ती रेशनची ज्वारी निवडत होती. त्या वर्षीच्या ज्वारीत खडे इतके, की निवडताना हात आणि डोळे दोन्ही गुंतून जात. कान तेवढे मोकळे राहत.

तामलवाडीच्या सोसायटीचे सेक्रेटरी म्हणून गाव उत्तरेश्वरांना ओळखायचं. पण सोसायटीत त्यांचं पोट होतं, जीव होता कपाटात. हे कपाट लिंबाजीनं सोसायटीत आलेल्या फवारणीच्या औषधांच्या खोक्यांच्या फळ्या जोडून केलेलं. लिंबाजी सोसायटीचा शिपाई, पण गरजेपुरता सुतार. त्यानं रंधा मारला, तरी एका फळीवरची अक्षरं गेली नाहीत. वरच्या कप्प्यावर आजही वाचता येत होतं: 'विष. मुलांच्या हाती देऊ नये.' शेजारच्या धुरपदाबाईंना अक्षरओळख नव्हती. त्यांनी एकदा ते कुणाकडून तरी वाचून घेतलं आणि तेव्हापासून त्या कपाटाकडं पाठ करून बसत.

पुस्तकाचा नाद असलेल्या माणसाला घरात काही खोडी असतातच. उत्तरेश्वरांना त्या एकदम सगळ्या होत्या. पुस्तक घ्यायच्या आधी हात धुवायचे, पंच्याला पुसायचे, आणि मग पुस्तक उघडून आधी नाकाला लावायचं, खवा ताजा आहे का बघतात तसं. पानांमध्ये कडुलिंबाचा पाला. पानाचा कोपरा दुमडणाऱ्या माणसाला ते मनातल्या मनात सोयरिकीतून बाद करत. खूण म्हणून फक्त एसटीचं तिकीट, कारण त्याहून पातळ कागद सरकारनं अजून काढलेला नाही असं त्यांचं मत होतं. टँकरच्या रांगेत ते घागर घेऊन उभे राहत ते काखेत पुस्तक मारून. रांग पुढं सरके, पान पुढं सरके, माणूस तिथंच. टँकर रिकामा होऊन निघून गेला तरी ते झाडाखाली उभे असल्याचं तारामतीनं पाहिलेलं होतं. मग धुरपदाबाईच आपल्यातली अर्धी घागर तिच्या रांजणात ओतत आणि म्हणत, "तारामती, तुजं बरं हाय बाई. बाकीच्यांची दारूपायी घरं बसली. तुजं निदान वाचून बसंल."

पण सगळ्यांत मोठी खोड निराळीच होती. जे पुस्तक फार आवडायचं, त्याची शेवटची दोन पानं उत्तरेश्वर वाचत नसत. "संपलं की सुतक," असं ते म्हणत. पुस्तक पुन्हा पुन्हा वाचायचं, पण शेवटच्या दोन पानांच्या उंबऱ्यावरून माघारी यायचं. त्यामुळं त्यांच्या घरात कुठल्याही पुस्तकाचा शेवट तोंडातून काढायला बंदी होती. तारामतीच्या एका चुलतभावानं एकदा जेवताना गप्पांच्या भरात एका कादंबरीचा शेवट सांगून टाकला. त्यानंतर दोन लग्नं आणि एक बारसं झालं, पण उत्तरेश्वर त्याच्या पंगतीला बसले नाहीत.

आणि आता कपाटाच्या मधल्या कप्प्यात एक पुस्तक मावेल एवढी फट होती. पुढचा दात पडल्यासारखी.

त्या फटीत राहायचं ते गलबताचं पुस्तक. त्याला मोठं लांबलचक नाव होतं, पण घरात सगळे गलबताचंच म्हणत. लाल कापडी बांधणी, कोकणातल्या गलबत हाकणाऱ्या कुणा तांडेलानं म्हातारपणी लिहिलेल्या आठवणी. वादळं, शिडं, खारा वारा, मध्येच तीन दिवस दिसणारा आणि मग न दिसणारा किनारा. तामलवाडीत समुद्र कुणी पाहिलेला नव्हता. नळदुर्गाच्या किल्ल्यातला बंधारा वाहताना पाहिलेला माणूससुद्धा गावात पाण्याच्या गोष्टी अधिकारानं सांगायचा. दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. विहिरींचे तळ दिसत होते. अशा दिवसांत दुपारी सोप्यात बसून उत्तरेश्वर वादळाचं प्रकरण काढत आणि मोठ्यानं वाचत. तेवढ्यापुरतं घर ओलं झाल्यासारखं वाटे.

हे पुस्तक नेलं होतं सोसायटीच्या चेअरमननी, नानासाहेबांनी.

त्याचं असं झालं. नानासाहेबांच्या डोक्यात तेव्हा साखर कारखाना होता. त्या काळात ज्याच्या डोक्यात साखर कारखाना नाही तो पुढारीच नव्हे. ज्याच्या शेतात प्यायला पाणी नाही तोही उसाची गोष्ट करत असे. एक दिवस सह्यांसाठी ते घरी आले, बाजेवर टेकले, आणि समोर उघडं पुस्तक बघून म्हणाले, "काय वाचताय सेक्रेटरी?"

"गलबताचं आहे, नानासाहेब."

"गळिताचं?" नानासाहेबांचे डोळे चमकले. "गळीत हंगामावर पुस्तक बी निघालंय? आणा इकडं. बघू तरी टनाला उतारा किती म्हणतोय."

आणि पुस्तक जीपमध्ये बसून गेलं. चेअरमनच्या कानाची चूक सेक्रेटरीनं दुरुस्त करायची नसते, हा सहकाराचा पहिला नियम आहे. तो कायद्यात लिहिलेला नाही एवढंच.

आता कुणी म्हणेल, मागायचं होतं. पण आपल्याकडं उसनं गेलेलं असं मागत नाहीत. चाळण दिली असेल तर विचारायचं, "दळण उरकलं का?" बैल दिला असेल तर, "पेरणी झाली का?" आणि पुस्तक दिलं असेल तर, "झालं का वाचून?" समोरच्यानं काय ते समजायचं आणि दुसऱ्या दिवशी वस्तू पोचती करायची. "माझं मला परत द्या" असं तोंडावर म्हणणं म्हणजे भांडणच. त्यासाठी निदान बांधाचा तरी वाद पाहिजे.

तेव्हा उत्तरेश्वर दर आठवड्याला, फायली पुढं ठेवता ठेवता, सहज आठवल्यासारखं विचारत, "झालं का वाचून, नानासाहेब?"

"चाललंय की," नानासाहेब म्हणत. "लई जाड हाय. हंगाम सुरू व्हायच्या आत करतो."

पुस्तक आधी टेबलावर कोपराखाली होतं. मग त्यावर चहाचा ग्लास येऊन बसला आणि गोल डाग पडला. मग उन्हाळा वाढला, आणि टेबलफॅनचा वारा नानासाहेबांच्या तोंडाऐवजी छातीवर लागतो असं लक्षात आल्यावर पंख्याखाली उंचीला म्हणून ते सरकवलं गेलं. त्या दिवशी उत्तरेश्वर घरी आले ते जेवले नाहीत. "वादळाच्या प्रकरणावर पंखा ठेवलाय," एवढंच म्हणाले.

सल्ले देणाऱ्यांना तोटा नव्हता. धुरपदाबाई म्हणाल्या, "म्या जाते त्यांच्या बायकोकडं हळदीकुंकवाला. म्हणते, त्या पुस्तकात पाण्यात मेलेल्यांची नावं हायत, घरात ठेवू ने. उद्या सकाळी तुमच्या उंबऱ्यावर फेकून जातील बघा." उत्तरेश्वरांना आपलं पुस्तक उंबऱ्यावर फेकलेलं बघायचं नव्हतं. लिंबाजीनं शिपायाच्या अकलेनं सुचवलं, की तेवढ्याच आकाराचा सोसायटीचा वार्षिक अहवाल पंख्याखाली सारायचा आणि पुस्तक उचलायचं. हे त्यांनी केलंही. पण सोसायटीचा अहवाल मुळात पोकळ. पंख्याच्या वजनानं तो एका बाजूनं बसला, पंखा कलला, आणि त्यानं नानासाहेबांच्या पानावरचा चुना त्यांच्याच टोपीवर उडवला. दुसऱ्या दिवशी पुस्तक पुन्हा पंख्याखाली होतं.  उत्तरेश्वरांनी मान वर करून पंख्याकडं बघितलंही नाही.

याच दिवसांत पुनवेला जळकोटचे मल्लिकार्जुन गुरुजी आले.

गुरुजी निवृत्त शिक्षक. दर पुनवेला तुळजापूरला देवीला जायचे, आणि दर्शन झालं की जळकोटची एसटी धरायच्या ऐवजी उलट्या दिशेची एसटी धरून तामलवाडीला यायचे. वर्षानुवर्षं असं चाललेलं. चहा घ्यायचे, कपाटाकडं बघायचे, जायचे. उत्तरेश्वरांना वाटे, माणसाचा आपल्यावर किती जीव आहे. अलीकडं गुरुजींच्या डोळ्यांत मोती उतरायला लागला होता. चष्म्याची काच जाड झाली होती, आणि चहाची बशी ते जरा चाचपून घेत.

त्या दिवशी त्यांनी कपाटातली फट पाहिली. बराच वेळ पाहिली.

"गलबताचं दिसत नाही," ते म्हणाले.

झालं. उत्तरेश्वरांचा बांध फुटला. गळीत, कोपर, ग्लासाचा डाग, पंखा, सगळं बाहेर आलं. शेवटी ते म्हणाले, "गुरुजी, तुम्ही शिकले-सवरलेले. तुम्हीच सांगा, दुसऱ्याचं पुस्तक न्यायचं आणि वर्षं उलटली तरी परत द्यायचं नाव काढायचं नाही, अशा माणसाला काय म्हणावं?"

गुरुजींनी कपात बघितलं. "काय म्हणावं," ते सावकाश म्हणाले, "हेच तर सुचत नाही."

आतल्या दारात तारामती पोह्यांची ताटली घेऊन उभी होती. तिला वाटलं, जमीन दुभंगावी. पण दुष्काळात जमीन आधीच इतकी भेगाळलेली, की तिला आणखी सांगण्यात अर्थ नव्हता.

कारण गलबताचं पुस्तक गुरुजींचं होतं.

ते या घरात आलं गुरुजींच्या पिशवीतून, पंच्यात गुंडाळून. तिनंच ते हातात घेतलं होतं. "वहिनी, जपून हं," गुरुजी म्हणाले होते. "वडिलांनी उभ्या आयुष्यात घेतलेलं हे एकच पुस्तक." त्याच संध्याकाळी उत्तरेश्वरांनी त्याला तपकिरी कागदाचं कव्हर घातलं. जपायचं म्हणून घातलं, त्यात काही वाईट नव्हतं. मग कव्हर कोरं दिसतं म्हणून त्यावर वळणदार अक्षरात स्वतःचं नाव घातलं, तेही सवयीनं. पुढं कव्हर जुनं झालं, नाव मुरलं, आणि लोणच्याच्या फोडीला मीठ कुठून आलं हे जसं कुणी विचारत नाही तसं झालं. तारामतीनं एकदा आडून विचारून बघितलं होतं, "अहो, ते गलबताचं आपल्याकडं कुठनं आलं हो?" उत्तरेश्वर चष्म्यावरून बघत म्हणाले, "आलं? ते पहिल्यापासून इथंच आहे."

आणि गुरुजी दर पुनवेला विचारत, "झालं का वाचून?"

उत्तरेश्वरांना वाटे, हा रसिकाचा प्रश्न. ते खुलायचे. "कुठलं होतंय गुरुजी. शेवटची दोन पानं ठेवलीत मी राखून." आणि मग चहाचा दुसरा कप होईपर्यंत त्या तांडेलाच्या भाषेबद्दल बोलत राहायचे. गुरुजी मान डोलवत ऐकायचे. त्यांना शेवट तोंडपाठ होता, पण या घरातली बंदी त्यांना ठाऊक होती. ते सभ्य गृहस्थ होते. तारामतीलाही शेवट माहीत होता. ती चौथीपर्यंतच शिकलेली, पुढचं सगळं या विषाच्या कपाटानं शिकवलं. नवरा सोसायटीत गेला की ती हात धुऊन बसायची आणि वाचून झालं की एसटीचं तिकीट पुन्हा त्याच पानात घालायची. गलबताची शेवटची दोन पानं तिनं केव्हाच वाचलेली होती. एवढी वर्षं शेजारी झोपून ती त्यांच्यापाशी ते बोलली नव्हती. यालाच संसार म्हणतात.

चहा संपवून गुरुजी कपाटाकडं बघत म्हणाले, "माझ्या भाच्याच्या गावी वाचनालय निघालंय. त्यात एक बरं असतं. पुस्तक परत करायची तारीखच मारून देतात. देणाऱ्याला तोंड उघडावं लागत नाही." असं म्हणून त्यांनी उत्तरेश्वरांकडं जाड काचेतून जितकं रोखून बघता येईल तितकं बघितलं.

उत्तरेश्वर ताडकन उठले. "वाचनालय," ते म्हणाले. "गुरुजी, तुम्ही माणूस नाही, देव आहात."

गुरुजींनी पिशवी उचलली. एसटीची वेळ झाली होती.

बेत असा होता. गावात वाचनालय काढायचं. अध्यक्ष अर्थातच नानासाहेब, कारण गावात काहीही निघालं की त्याचे अध्यक्ष तेच असत. उद्‌घाटनाला अध्यक्षांनी स्वतःच्या संग्रहातला एक ग्रंथ भेट द्यायचा. नानासाहेबांचा संग्रह सगळा पंख्याखाली होता. आणि वाचनालय भरणार उत्तरेश्वरांच्या सोप्यात, त्याच कपाटात. म्हणजे पुस्तक आपल्या पायांनी त्या फटीत येऊन बसणार, आणि कुणाला एक शब्द बोलावा लागणार नाही. तारामतीनं हे सगळं ऐकून घेतलं. त्या बेतात पुस्तक गुरुजींच्या एसटीत बसताना तिला कुठंही दिसलं नाही.

परवानगीसाठी उत्तरेश्वर उस्मानाबादला एका कचेरीत गेले. तिथला कारकून सज्जन होता, पण त्याच्या आयुष्यात सहकारी नसलेली वस्तू कधी आलीच नव्हती. दूध सहकारी, सूत सहकारी, कोंबड्यासुद्धा सहकारी.

"सभासदांचं उत्पादन काय?" त्यानं विचारलं.

"वाचन," उत्तरेश्वर म्हणाले.

"ते साठवणार कुठं?"

यावर उत्तरेश्वरांनी आपल्या डोक्याला हात लावला. त्यांना उत्तर द्यायचं होतं की कपाळ बडवायचं होतं, हे कारकुनाला कळलं नाही. तो बिचारा विचार करून म्हणाला, "हे बघा, टंचाईचं साल आहे. पाण्याशी संबंध असेल तरच कागद हलतो. तुमच्या वाचनालयाचा पाण्याशी काही संबंध?"

सगळा संबंध पाण्याशीच आहे, शिडाच्या गलबतापासून, असं उत्तरेश्वरांच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं. कारकुनानं आपल्याच मनानं लिहून टाकलं: 'पिण्याच्या पाण्याची सोय असलेले वाचनालय.' आणि कागद हलला. असा हलला की पुढच्या आठवड्यात टँकरवाल्यानं उत्तरेश्वरांच्या दारात गाडी थांबवली, एक लोखंडी पिंप सोप्यात आणून ठेवलं आणि काठोकाठ भरलं. वाचकांसाठी.

ही बातमी गावात कशी गेली ते सांगायला नको. दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत अंगणात वाचकांची रांग लागली होती. प्रत्येकाच्या हातात घागर.

"सेक्रेटरी, मला बी सभासद करा," सगळ्यांच्या पुढं धुरपदाबाई. "मला लई आवड हाय वाचनाची. दोन घागरी."

"अहो, पण तुम्हाला वाचता..."

"न्हाय येत. म्हणून तर एकच घागर मागणार व्हते, पर सून बी वाचती."

एरवी ज्या गावात पुस्तक म्हटलं की लोक पंचांग समजत, तिथं वाचनाची अशी लाट आली. उत्तरेश्वरांनी नियम केला, की पाणी नेण्याआधी प्रत्येक सभासदानं हात धुऊन एक तरी पुस्तक हाताळावं. हात धुवायला पाणी लागे. ते पिंपातलंच. त्यामुळं पाणी अर्धं वाचनाच्या तयारीतच संपू लागलं आणि रांगेत भांडणं होऊ लागली. एकानं तर गाऱ्हाणं केलं, की पुढच्यानं हात कोपरापर्यंत धुतले, एवढं कुठलं पुस्तक वाचणार होता तो.

त्यातच पिंप तळाशी गळू लागलं. रात्रभर गळलं, आणि सकाळी कपाटाचा खालचा कप्पा भिजलेला. ज्या तालुक्यात प्यायला पाणी नव्हतं, तिथं उत्तरेश्वरांची पुस्तकं पुरानं गेली. तारामतीनं ती एकेक करून माळवदावर नेली आणि धुरपदाबाईंच्या सांडग्यांशेजारी वाळत घातली. आल्यागेल्यानं खालूनच विचारावं, "वहिनी, काय वाळवण घातलंय?" आणि तिनं सांगावं, "इतिहास आहे. भूगोल अजून ओला आहे." उत्तरेश्वर वर काठी घेऊन राखण करत बसले. ऊन चढलं तशी त्यांनी हातातलं पुस्तक उघडलं, आणि तेवढ्यात जिन्यानं आलेल्या शेळीनं व्याकरणातला समासाचा भाग संपवला. द्वंद्व तेवढं शिल्लक राहिलं. ते पुढं धुरपदाबाई आणि शेळीवाल्यांच्यात दोन दिवस चाललं.

एवढं होऊनही उत्तरेश्वर खचले नाहीत. मधल्या कप्प्यातली फट ते रोज फडक्यानं पुसत होते, लेक बाळंतपणाला येणार म्हणून खोली सारवतात तशी.

उद्‌घाटन पुनवेलाच ठेवलं. गुरुजींना यायला सोपं जावं म्हणून. "कल्पना त्यांची," उत्तरेश्वर म्हणाले. "ते पहिल्या रांगेत पाहिजेत." तारामतीनं अंगण झाडलं, शिंपडायला पाणी नव्हतं म्हणून नुसतं झाडलं, आणि गुरुजींची खुर्ची सावलीत ठेवली. तिनं त्यांना पाणी दिलं तेव्हा ते हळूच म्हणाले, "वहिनी, पुढच्या महिन्यात सोलापूरला डोळ्यांचं करायचं म्हणतात. नीट झालं तर झालं." आणि जरा थांबून, "त्याआधी एकदा वादळाचं वाचायचं होतं. वडील वाचायचे ते." ती तांब्या घेऊन दारात जाऊन उभी राहिली.

नानासाहेब जीपमधून आले. त्यांच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुस्तक होतं आणि त्याला कागदी फुलांची माळ बांधलेली होती. खऱ्या फुलांचं ते वर्षच नव्हतं. ते बोलायला उभे राहिले.

"आजच्या या मंगलप्रसंगी मी माझ्या संग्रहातला एक ग्रंथ देतोय. मी स्वतः वाचलेला. ऊस उत्पादकांनी तर जरूर वाचावा. गळिताचे सगळे बारकावे यात दिले आहेत."

गावानं वर बघितलं. सोप्याच्या तुळया सगळ्यांनी नीट मोजून घेतल्या. लिंबाजीला खोकला आला.

उत्तरेश्वरांनी दोन्ही हातांनी पुस्तक घेतलं. माळ सोडली, वर्तमानपत्र काढलं, आणि सभेचं भान न राहून पुस्तक नाकाशी नेलं. पंख्याच्या तेलाचा वास येत होता. कव्हरवर पंख्याच्या बैठकीचा गोल, त्याच्या आत ग्लासाचा गोल, आणि त्याच्या आत त्यांचं नाव.  आभाराचं भाषण पाठ केलेलं होतं. ते राहिलं बाजूला.

"मंडळी," ते म्हणाले, "पुस्तक नेणं सोपं असतं. देणाऱ्याच्या जिवाचं काय होतं ते नेणाऱ्याला कळत नाही. त्याला रोज ती फट दिसते. तो लाजेकाजेनं बोलत नाही. पण म्हणून नेणाऱ्यानं त्याचा अंत बघावा का?"

नानासाहेबांच्या कपाळावर आठी पडली. ते कानानं कच्चे असले तरी अडाणी नव्हते. "थांबा सेक्रेटरी," ते म्हणाले. "म्हंजे हे पुस्तक तुमचं व्हय?"

उत्तरेश्वरांना आता मागं फिरायला जागा नव्हती. "तसं... नाव आहे कव्हरवर."

"मग मागायचं की हो. म्या काय खाणार होतो का त्याला?"

"मागत होतो, नानासाहेब. दर आठवड्याला विचारत होतो. झालं का वाचून, म्हणून."

"अरे देवा," नानासाहेब म्हणाले. "मला वाटायचं, तुम्ही माझा अभ्यास घेताय."

सभा हसली. नानासाहेबही हसले, कारण हसणं सोयीचं होतं. सगळं गोड झालं. उत्तरेश्वरांनी डोळे पुसले आणि टेबलावरचा वाचनालयाचा नवा कोरा शिक्का उचलला, जांभळ्या शाईत दाबला, आणि पुस्तकाचं पहिलं पान उघडलं. एकदा तो शिक्का पडला की पुस्तक गावाचं होणार होतं, कायमचं. शिक्का हवेत धरून, मन भरून आलेल्या माणसानं आपल्या माणसाकडं बघावं तसं त्यांनी पहिल्या रांगेत बघितलं.

"बघितलंत ना गुरुजी? आता माणसानं याहून निराळं मागायचं तरी कसं?"

गुरुजी उठून उभे राहिले होते. हातातली पिशवी उघडी होती, आणि पिशवीत पंचा.  त्यांनी नुसतं दाराकडं बघितलं. दारातल्या बाईचा चेहरा त्यांना त्या डोळ्यांनी दिसला असेल की नाही, कोण जाणे.

"भावजी," तारामती भर सभेत म्हणाली, "आता विचारून टाका."

"झालं का वाचून?" गुरुजींनी विचारलं.

"कुठलं गुरुजी," शिक्का तसाच धरून उत्तरेश्वर कौतुकानं हसले. "तुम्हाला तर माहीत आहे. शेवटची दोन पानं..."

"शेवटी तो तांडेल समुद्र सोडतो," मल्लिकार्जुन गुरुजी म्हणाले. आवाज शाळेतला होता, मागच्या बाकापर्यंत जाणारा. "गावाकडं येतो आणि विहीर खणतो. पाणी लागतं, पण खारं लागतं. तेच पितो आणि तिथंच राहतो. झालं वाचून. आता माझं पुस्तक मला द्या."